बुडीत क्षेत्र, लाभक्षेत्र आणि एक मॉल

हा लेख बरेच दिवस डोक्यात घोळतोय. दोनदा लिहायला घेतला, दोनदा अर्धवट टाकला. कारण सरळ आहे: यात माझीच फजिती आहे. पण मागच्या शनिवारी जुनी हार्ड डिस्क साफ करताना 'वॅल्को_अभिप्राय_फायनल_फायनल_२' अशी एक फाइल सापडली आणि म्हटलं, आता लिहूनच टाकावं. (फाइलला दोनदा 'फायनल' लावूनही वर '२' टाकणारा माणूस दिवसभर ऑफिसात व्हर्जन कंट्रोलवर व्याख्यानं देतो. असो.)

फाइल २०१८ सालची. चौदा पानं. दोन तक्ते, एक आलेख. विषय: कुपर्टिनोमधला वॅल्को मॉल पाडून तिथे नवं काही बांधायचं तर त्याचे पर्यावरणावर काय परिणाम होतील.

ज्यांनी कुपर्टिनो पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं भूगोल-इतिहास. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर हे गाव. कधीकाळी जर्दाळू, प्लम आणि चेरीच्या बागांचं, आता अ‍ॅपलचं. वुल्फ रोड आणि स्टीव्हन्स क्रीक बुलेव्हार्डच्या कोपऱ्यावर, २८० महामार्गाला खेटून, साधारण पन्नास एकरांवर १९७६ साली वॅल्को मॉल उघडला. मॉलच्या मधून वुल्फ रोड जायचा आणि रस्त्यावरून दुकानांचाच पूल! 'वॅल्को' हा शब्द म्हणजे जमीनमालकांच्या नावांची आद्याक्षरं जोडून केलेला: व्हेरियन कंपनी आणि लेनर्ड, लेस्टर, क्राफ्ट, ऑरलँडो ही कुटुंबं. मला कित्येक वर्षं ते एखाद्या स्पॅनिश संताचं नाव वाटायचं :)

मी इथे आलो तेव्हाच या मॉलला उतरती कळा लागलेली होती. दोन मोठे मॉल जवळपास, त्यात पुढे ऑनलाइन खरेदी. मधल्या काळात नाव बदलून 'कुपर्टिनो स्क्वेअर' केलं, १६ पडद्यांचं थिएटर आणलं, पुन्हा जुनं नाव घेतलं. नाव बदलून नशीब बदलतं असं मानणारे फक्त आपल्याकडेच असतात असं नाही. शेवटी २०१५ मध्ये मेसीज गेलं, सीअर्स गेलं, पुढच्या वर्षी जेसीपेनी. मार्च २०१८ मध्ये थिएटरही बंद झालं. इथे अशा मॉलला चक्क 'डेड मॉल' म्हणतात.

पण आमच्यासाठी तो मेलेला नव्हता. तळमजल्यावर बर्फाची रिंक होती. माझी लेक तिथे स्केटिंग शिकली. शनिवारी सकाळी साडेसातला मी कॉफीचा कप धरून काठावर कुडकुडत उभा, आणि ती पडतेय, उठतेय, पुन्हा पडतेय. २०१२ साली आईबाबा आले तेव्हा बाबा रोज सकाळी त्याच मॉलमध्ये चालायला जायचे. सपाट फरशी, एसी, कुत्री नाहीत, खड्डे नाहीत. तिथे त्यांना तेलुगू, तमिळ, गुजराती, चिनी असे एकूण नऊ मित्र मिळाले. सगळे मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले. दुकानं उघडायच्या आत यांची मैफल संपायची. त्या मॉलने माझ्या माहितीत कुणाला काही विकलं नसेल, पण बाबांचा मुक्काम सुसह्य केला हे नक्की.

*

आता पुनर्विकास. २०१४ मध्ये एका विकासकाने मॉल विकत घेतला आणि २०१५ मध्ये आराखडा मांडला: घरं, ऑफिसं, दुकानं आणि या सगळ्यावर ३० एकरांचं हिरवं छत. छतावर बाग, पायवाटा. रफाएल विन्योली या नामांकित वास्तुविशारदाचं काम. चित्रं इतकी देखणी की बघतच राहावं. गावात लगेच दोन तट पडले. नोव्हेंबर २०१६ च्या निवडणुकीत दोन परस्परविरोधी प्रस्ताव मतदारांपुढे आले. एक या जागेवर घरं आणि ऑफिसं होऊ नयेत म्हणून, दुसरा आराखडा मंजूर व्हावा म्हणून. मतदारांनी दोन्ही फेटाळले! म्हणजे 'हे नको' आणि 'ते पण नको'. आमच्या सोसायटीच्या पुण्यातल्या वार्षिक सभेची आठवण झाली.

मग २०१८ उजाडलं आणि एकाच जागेसाठी दोन गाड्या दोन रुळांवरून निघाल्या. हे जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे.

पहिला रूळ नेहमीचा. कॅलिफोर्नियात १९७० पासून पर्यावरण गुणवत्ता कायदा आहे. इथे त्याला 'सीक्वा' म्हणतात. सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले तेच. आधी तो फक्त सरकारी कामांना लागू आहे असं समजलं जायचं. १९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ज्या खासगी बांधकामांना सरकारी परवानगी लागते, त्यांनाही तो लागू. मोठा प्रकल्प असेल तर जाडजूड अहवाल करायचा: हवा, आवाज, वाहतूक, पाणी, झाडं, माती, सावली, शाळा. परिणाम कमी करायचे उपाय लिहायचे. पर्याय तपासायचे, त्यात 'काहीच केलं नाही तर' हाही पर्याय धरायचा. मसुदा लोकांपुढे ठेवायचा, आणि आलेल्या अभिप्रायांना लेखी उत्तरं द्यायची. हो, लेखी उत्तरं! आणि अभिप्राय कुणीही देऊ शकतो. नागरिक असायची अट नाही, मतदार असायची नाही, त्या गावात राहायचीसुद्धा नाही.

दुसरा रूळ नवा. घरांची टंचाई इतकी वाढली की राज्याने २०१७ मध्ये 'एसबी ३५' नावाचा कायदा केला. जी गावं ठरवून दिलेल्या संख्येइतकी घरं बांधत नाहीत, तिथे ठरावीक अटी पाळणाऱ्या आणि परवडणाऱ्या घरांचा वाटा ठेवणाऱ्या प्रकल्पाला गावाने ठरावीक मुदतीत मंजुरी द्यायचीच. त्यात मतांना वाव नाही, म्हणून पर्यावरण अहवालही नाही. मार्च २०१८ मध्ये वॅल्कोसाठी या मार्गाने अर्ज आला: २,४०२ घरं, त्यातली निम्मी, म्हणजे १,२०१, कमी उत्पन्नवाल्यांना परवडणारी, शिवाय १८ लाख चौरस फूट ऑफिस आणि ४ लाख चौरस फूट दुकानं.

मला मत नव्हतं (ग्रीन कार्डवाल्याला कर भरायचा हक्क असतो, मताचा नसतो), पण पहिल्या रुळावरचा अहवाल त्या उन्हाळ्यात लोकांसमोर आला आणि अभिप्रायाला मत लागत नाही. म्हटलं, हे आपलं काम.

*

मी काय केलं ते सांगतो. वुल्फ आणि स्टीव्हन्स क्रीकच्या चौकाचं सिम्युलेशन लिहिलं. दोन वीकएंड घालवले. चौकात सकाळी आठला उभं राहून गाड्या मोजल्या. लेकीला एका बाजूला उभी केली, मी दुसऱ्या बाजूला. अहवालातल्या अंदाजांशी माझे आकडे ताडून पाहिले आणि दाखवून दिलं की चौकाची श्रेणी घसरेल.

श्रेणी म्हणजे काय? त्या काळी वाहतुकीचं मुख्य माप होतं 'लेव्हल ऑफ सर्व्हिस'. चौकात गाडीला किती वेळ थांबावं लागतं त्यावरून ए ते एफ गुण. शाळेसारखं. सिग्नलवर आणखी वीस सेकंद थांबावं लागलं की चौक नापासाकडे सरकतो, आणि हा झाला 'पर्यावरणावरचा लक्षणीय परिणाम'. मी त्यावर सहा पानं लिहिली. शिवाय मॉलभोवतीच्या मोठ्या अ‍ॅश झाडांवर एक पान, शाळांतल्या गर्दीवर दोन पानं, बांधकामाच्या धुळीवर एक.

आणि शेवटी जवळपास पुरवणी म्हणून अर्धं पान मातीवर. सीअर्स आणि जेसीपेनी, दोघांचीही त्या जागेवर गाड्यांच्या दुरुस्तीची केंद्रं होती. तिथे जमिनीखाली टाक्या असायच्या. आता सांता क्लारा काउंटीत जमिनीखालच्या टाक्या हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. चिप बनवायच्या कारखान्यांतली रसायनं झिरपून इथलं भूजल इतक्या ठिकाणी नासलं, की केंद्र सरकारच्या 'सुपरफंड' यादीतल्या २३ जागा या एका काउंटीत. देशातल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. म्हणजे चौदा पानांतलं खरंखुरं पर्यावरण त्या अर्ध्या पानात होतं. पण ते तेव्हा कळलं नाही. मला चौकाचा आलेख फार आवडला होता.

बाबा त्याच उन्हाळ्यात पुन्हा आले होते. एकटेच. आई आदल्या वर्षी गेली होती. मॉलमध्ये चालणं आता शक्य नव्हतं, म्हणून बाहेरच्या भल्यामोठ्या रिकाम्या पार्किंगला चक्कर मारायचे. जुन्या नऊ मित्रांपैकी एकही नव्हता.

एका रात्री जेवणं झाल्यावर मी त्यांना कौतुकाने माझी चौदा पानं दाखवली. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नोकरीची पहिली वर्षं उजनी धरणावर गेली. चष्मा लावून त्यांनी अगदी पहिल्या पानापासून सगळं वाचलं. मधेच म्हणाले, "आणि हे कुणीही लिहून द्यायचं आणि त्यांनी उत्तर द्यायचं?" म्हटलं, हो. "ग्रेट आहे रे." आपल्याकडे २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते खरी, पण इमारतींचे प्रकल्प जनसुनावणीतून वगळलेले आहेत. तेव्हा त्यांचं कौतुक खरं होतं.

मग चष्मा काढून म्हणाले, "अरे, आमच्या धरणाच्या फायलीत दोन नकाशे असायचे. एक बुडीत क्षेत्राचा, एक लाभक्षेत्राचा. तुझ्या या फायलीत लाभक्षेत्र कुठे आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू बुडणारं सगळं बरोबर मोजलंयस. चौक, झाडं, शाळा. मिळणार कुणाला, ते कुठे लिहिलंय?"

मी म्हटलं, बाबा, ते विकासक लिहील की! माझं काम परिणाम सांगायचं.

बाबा म्हणाले, "आमच्याकडे उलटं झालं होतं. आम्ही लाभक्षेत्र अगदी एकरात लिहायचो. बुडीत गावांतली माणसं कुठे जाणार याचं पान पातळ असायचं. पळसदेवचं देऊळ पाण्यात गेलं ते मी बघितलंय. एकच नकाशा बघून सही करणारा माणूस चुकतोच. इकडून काय, तिकडून काय."

मला त्यांचं म्हणणं पटलं नाही असं नाही. मला झोप आली होती. दुसऱ्या दिवशी मी अभिप्राय पाठवून दिला.

*

आता फजितीचा भाग.

धाकटा तेव्हा चार वर्षांचा. त्याच्या प्रीस्कूलमध्ये एक टीचर होत्या. पंजाबच्या, पन्नाशीच्या. धाकट्याला त्यांच्याशिवाय कुणी भरवलेलं चालायचं नाही. त्या राहायच्या ट्रेसीला. ट्रेसी म्हणजे डोंगरापलीकडे, एका बाजूचे पन्नासेक मैल. पहाटे साडेचारला घर सोडायचं, अल्टामाँटच्या घाटातून ५८० वर रांगेत लागायचं, साडेसहाला इथे पोचायचं. सातला शाळा उघडेपर्यंत गाडीतच डुलकी. संध्याकाळी तीच उलटी यात्रा, अडीच तासांची. कारण कुपर्टिनोत प्रीस्कूल टीचरच्या पगारात भाड्याने खोलीसुद्धा मिळत नाही.

मी अभिप्राय पाठवला त्याच संध्याकाळी धाकट्याला आणायला गेलो. टीचरनी मला बाजूला घेतलं. हातात स्थानिक वर्तमानपत्राचं कात्रण. म्हणाल्या, "भाईसाब, आप कंप्युटरवाले हो, ज़रा देखो ना. वॅल्को में बारह सौ घर हम जैसों के लिए बन रहे हैं. नाम कहाँ लिखवाना है?"

मी कात्रण हातात घेतलं. वाचल्यासारखं केलं. माझ्या पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप होता, आणि लॅपटॉपमध्ये ती चौदा पानं.

म्हटलं, "अभी तो बहुत टाइम लगेगा."

"कोई बात नहीं," म्हणाल्या, "जब शुरू हो तो बता देना. भूलना मत."

घरी येईपर्यंत गाडीत धाकटा बडबडत होता, मला एक शब्द ऐकू आला नाही. रात्री फाइल उघडली. माझ्या सिम्युलेशनमध्ये टीचरची गाडी होती. रोज सकाळी साडेसहाला त्या वुल्फच्याच एक्झिटला उतरायच्या. माझ्या आलेखात ती एक गाडी होती, चौकात अमुक इतके सेकंद थांबलेली. चौकात शिरायच्या आधी ती पन्नास मैल चालून आली, हे माझ्या मॉडेलच्या हद्दीबाहेर होतं. मी मॉडेलची हद्द चौकापासून चारी बाजूंना अर्ध्या मैलावर आखली होती.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. आपण आपल्या मॉड्यूलचे टेस्ट हिरवे करतो आणि घरी जातो. लोड गेला कुठे? शेजारच्या टीमकडे. तिथे रात्री तीनला कुणाचा तरी पेजर वाजतो. आपल्या डॅशबोर्डवर सगळं छान.

नंतर वाचताना कळलं की ही चूक माझी एकट्याची नव्हती, मापातच होती. चौकातल्या सेकंदांनी मोजलं की गर्दीच्या गावात, ऑफिसांच्या शेजारी बांधलेलं घर नेहमी नापास, आणि डोंगरापलीकडे मोकळ्या माळावर बांधलेलं घर पास. कारण तिथल्या चौकात थांबायला कुणी नाहीच! आणि चौक नापास झाल्यावर उपाय काय, तर रस्ता रुंद करा. पर्यावरणाच्या नावाने रस्ता रुंद. राज्याने हे ओळखून २०१३ मध्येच कायदा केला होता, आणि १ जुलै २०२० पासून राज्यभर माप बदललं. आता प्रकल्पामुळे गाड्या एकूण किती मैल पळतील, ते मोजायचं. कॅलिफोर्नियाच्या हरितगृह वायूंमधला सगळ्यात मोठा वाटा वाहतुकीचाच आहे, तेव्हा हे माप सरळ पर्यावरणाशी भिडतं. टीचरचे रोजचे शंभर मैल नव्या मापात दिसले असते. माझ्या मापात दिसले नाहीत.

आणि खरं सांगायचं तर माप हाही बहाणाच. शाळांवरची ती दोन पानं पर्यावरणासाठी लिहिली होती का? आदल्या वर्षीच आम्ही कर्जाने कंबर मोडून टाउनहाउस घेतलं होतं. त्याची किंमत टिकली पाहिजे, लेकीच्या वर्गात गर्दी नको, माझी ऑफिसला जायची बारा मिनिटं बाराच राहिली पाहिजेत. हे सगळं मी 'पर्यावरण' या एका शब्दात गुंडाळलं होतं.

तरी एक गोष्ट नोंदवतो, नाहीतर हिशोब पुन्हा एकतर्फी होईल. विरोध करणाऱ्यांचे सगळेच मुद्दे माझ्यासारखे नव्हते. १८ लाख चौरस फूट ऑफिस म्हणजे हजारो नव्या नोकऱ्या. त्या लोकांना घरं हवीत, म्हणजे २,४०२ घरांमुळे जेवढी टंचाई कमी होईल त्यातली काही ऑफिसंच परत खाऊन टाकतील. हा मुद्दा खणखणीत आहे, आणि मला तो चौदा पानांत सुचला नाही.

*

पुढे काय झालं? सप्टेंबर २०१८ मध्ये दोन्ही रुळांवरच्या गाड्यांना हिरवा दिवा मिळाला. ऑक्टोबरमध्ये पाडकाम सुरू झालं. पहिल्या दिवशी बाबांना घेऊन बघायला गेलो. पार्किंगच्या इमारतीला मशीनचा जबडा लागला होता. बाबा बराच वेळ बघत होते. "आत चालायला बरं होतं," एवढंच म्हणाले.

मग विरोधकांनी सह्या गोळा केल्या, आणि मे २०१९ मध्ये पहिल्या रुळावरचा आराखडा नगर परिषदेने मागे घेतला. म्हणजे बघा: ज्या आराखड्याचा पर्यावरण अहवाल झाला, लोकांनी अभिप्राय दिले, त्यांना उत्तरं मिळाली, तो रद्द. आणि ज्याचा अहवाल झालाच नाही तो, एसबी ३५ वाला, उरला! एका नागरिक गटाने त्याविरुद्ध दावा केला. त्यातला एक मुद्दा नेमका मातीचा होता: टाक्यांमुळे ही जागा घातक कचऱ्याच्या सरकारी यादीत येते, म्हणून तिला हा झटपट मार्ग लागू नाही. मे २०२० मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. पुढे मातीची तपासणी आणि सफाई काउंटीच्या पर्यावरण-आरोग्य खात्याच्या देखरेखीखाली झाली, तेव्हा ते काम वाऱ्यावर सोडलं गेलं असं नाही. पण जो प्रश्न सगळ्या गावाने जाहीरपणे विचारायचा, तो कोर्टाच्या कागदांत आणि खात्याच्या फायलींत गेला.

यात दोष कुणाचा? मला वाटतं, थोडा माझ्यासारख्यांचा. पर्यावरण अहवाल हे एक उत्तम अवजार होतं. टाकीत काय आहे ते बघा, मग खोदा, हे सांगणारं. आम्ही ते सिग्नलवरच्या वीस सेकंदांसाठी वापरलं, शाळेतल्या गर्दीसाठी वापरलं, सावलीसाठी वापरलं. इतकं वापरलं, की शेवटी राज्याने अवजारच बाजूला ठेवायला सुरुवात केली. ३० जून २०२५ ला गव्हर्नर न्यूसम यांनी सही केली आणि शहरातल्या २० एकरांपर्यंतच्या बहुतेक घरबांधणीला सीक्वातून सूट मिळाली. मला यात आनंदही वाटतो आणि थोडी भीतीही. घरं होतील याचा आनंद. आणि भीती ही, की उद्या एखाद्या जागेवर खरंच टाकी निघाली आणि कुणी हात वर केला, तर लोक म्हणतील, आले पुन्हा ते चौकवाले.

लांडगा आला रे आला! दुसरं काय.

वॅल्कोच्या आराखड्याचं नाव आता 'द राइज'. तो मधे बदलत गेला. २०२४ मधल्या मंजुरीत २,६६९ घरं आहेत, त्यातली परवडणारी ८९०. कात्रणातली बाराशे नाहीत. आणि २०२४ उलटलं तेव्हाही तिथे एकही घर उभं नव्हतं. अर्ज केल्यापासून सहा वर्षं. मातीचे ढिगारे, कुंपण, आणि कडेने तीच अ‍ॅशची झाडं.

टीचर २०२० च्या मार्चमध्ये, शाळा बंद झाली तेव्हा गेल्या त्या परत आल्या नाहीत. तिकडेच ट्रेसीला एका डेकेअरमध्ये लागल्यात, घरापासून आठ मिनिटांवर. बरंच झालं त्यांचं. दिवाळीला मेसेज येतो. धाकटा आता बारावं ओलांडतोय, त्याला त्यांचा चेहराही नीट आठवत नाही.

लेक कॉलेज संपवून नोकरीला लागली. गेल्या महिन्यात फोनवर सहज म्हणाली, "बाबा, कुपर्टिनोत परत यायला आवडलं असतं, पण ते आता या जन्मात शक्य नाही. एक बेडरूमचं भाडं बघितलंयस का तू?" मी काही बोललो नाही. चौकात गाड्या मोजायला हिलाच उभी केली होती.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, याने आता बाजू बदलली. तसं नाही. उद्या आमच्या मागच्या गल्लीत काही मोठं येणार असेल तर मी पुन्हा अहवाल वाचेन आणि पुन्हा अभिप्राय लिहीन. फक्त सुरुवात मातीपासून करेन. आणि दुसऱ्या पानावर दुसरा नकाशा काढेन. त्यात ट्रेसी येईल एवढा मोठा.

टीचरना मात्र मी अजून सांगितलेलं नाही. 'शुरू हो तो बता देना' म्हणाल्या होत्या. या दिवाळीला त्यांचा मेसेज येईल तेव्हा उत्तरात नुसता पणतीचा फोटो पाठवायचा नाही, असं ठरवलंय. बघू.

चहा गार झाला. बायको विचारतेय, भाजी आणायला जाणार आहेस की लिहीतच बसणार आहेस. निघतो. त्याच चौकातून जायचंय.